मान्सफेल्डची लाल सड

जर्मनीतल्या मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणीत उभं राहून काम करायची सोय नव्हती, बसूनही नव्हती. खाणकामगार एका कुशीवर आडवा होई आणि पाळी संपेपर्यंत तसाच पडून खडक फोडत राही. तांबं ज्या काळ्या थरात होतं तो जेमतेम अर्धा मीटर जाडीचा. माणसाला नीट वावरता यावं म्हणून वरखालचा दगडही फोडायचा म्हटलं, तर बिनकामाचा माल उपसण्यातच सगळा पैसा गेला असता. म्हणून कामगार मांडीला आणि दंडाला फळी बांधून घेत आणि तिच्या आधारानं थोडे थोडे पुढे सरकत. मान कायम एका बाजूला वळलेली. पंचक्रोशीत हे लोक ‘वाकड्या मानेचे’ म्हणूनच ओळखले जात. फोडलेला माल बाहेर नेण्याचं काम पोरांकडे असे. पायाला पट्टा अडकवून, मागे बुटकी गाडी ओढत, ती त्या फटीतून सरपटत जात.

अशा जागी दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात खडकाचा रंग हीच सर्वांत मोठी बातमी. काळा दगड म्हणजे काम चालू. पण कधी कधी तो काळा थर पुढे जाता जाता करडा पडू लागे. मग त्यात लालसर ठिपके दिसत, ठिपक्यांचे पट्टे होत आणि शेवटी सगळा थर विटकरी होऊन जाई. तिथे तांबं नसे. या लाल झालेल्या खडकाला मान्सफेल्डचे कामगार ‘रोटे फॉयले’ म्हणत, म्हणजे लाल सड. सड लागली की त्या बाजूचं काम थांबवायचं आणि दुसरीकडे वळायचं, हा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता.

कामगारांचं निरीक्षण चोख होतं. सडलेल्या पट्ट्यात खरोखरच काही मिळत नसे. पण तांबं मुळात आलं कुठून, या प्रश्नाचा सर्वांत भरवशाचा पुरावा याच टाकून दिलेल्या दगडात होता. ते कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. दरम्यान या थरानं एका सरदार घराण्याला चांदी दिली, एका धर्मसुधारकाच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि भूशास्त्रज्ञांमध्ये शतकभर पुरेल एवढं भांडण लावून दिलं.

या थराचं नाव कुप्फरशीफर, तांब्याची पाटी म्हणावी असा पापुद्र्यांचा काळा दगड. त्याचा जन्म सुमारे २५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, पर्मियन कालखंडाच्या उत्तरार्धातला. आजच्या मध्य युरोपच्या जागी तेव्हा कोरडं, तांबड्या वाळूचं खोलगट वाळवंट पसरलेलं होतं. त्यात उत्तरेकडून समुद्र घुसला. या समुद्राला भूशास्त्रात त्सेखश्टाइन म्हणतात. त्याच्या तळाशी प्राणवायू पोचत नव्हता, त्यामुळे मेलेले जीव कुजून नाहीसे न होता काळ्या चिखलात साठत गेले. त्या चिखलाचा दगड झाला. इंग्लंडपासून पोलंडपर्यंत सुमारे ६ लाख चौरस किलोमीटरवर हा थर पसरलेला आहे, आणि एवढ्या विस्तारात त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मीटरभराच्या आतच राहते. त्याच्या खाली वाळवंटातले जुने लाल वालुकाश्म, म्हणजे रोटलीगेंड. वर आधी चुनखडक आणि मग समुद्र आटत गेला तसतसे साचलेले जिप्समच्या जातीचे आणि मिठाचे जाडजूड थर.

धातूंचे अंश या थरात जवळपास सगळीकडे सापडतात. खाण काढण्याजोगं तांबं मात्र फार थोड्या जागी आहे. हार्झ पर्वताच्या आग्नेयेला मान्सफेल्ड, आइसलेबेन, हेटश्टेट आणि झांगरहाउझेन या गावांचा टापू हा त्यातला सर्वांत जुना आणि नामांकित. इथल्या खाणींचा आरंभ परंपरेनं ११९९ सालापासून धरतात. नाप्पियान आणि नॉयके या दोन खाणकामगारांना हेटश्टेटजवळच्या टेकडीवर तांबं सापडलं, अशी आख्यायिका आहे. ही माणसं खरी होती की नाही, याला कागदोपत्री आधार नाही. पण त्या टापूनं त्यांच्या मूर्ती घडवल्या आणि १९९९ साली खाणींची आठशे वर्षंही साजरी केली.

सुरुवातीला जिथे थर जमिनीवर उघडा पडलेला होता तिथेच तो उकरला गेला. पण हा थर खोलगट ताटलीसारखा आत झुकलेला असल्यानं प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीपेक्षा खोल जावं लागलं. पंधराव्या शतकात धंद्याला खरी बरकत आली, ती तांब्याबरोबरच्या चांदीमुळे. वितळलेल्या तांब्यात शिसं मिसळून त्याच्या चकत्या ओतायच्या आणि त्या बेतानं तापवायच्या. शिसं लवकर वितळून बाहेर झिरपतं आणि येताना चांदी घेऊन येतं. मग शिसं जाळून टाकलं की चांदी हाती लागते. न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांच्या भांडवलावर थुरिंगियाच्या जंगलात या कामाच्या मोठमोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मान्सफेल्डच्या सरदारांनी आपल्या चांदीची नाणी पाडली. त्यांवर अजगर मारणारा संत जॉर्ज असे. पुढे तीस वर्षांच्या युद्धात सैनिक ही नाणी ताईत म्हणून जवळ बाळगू लागले.

या बरकतीच्या काळात, १४८४ साली, हान्स लुडर नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बायको आणि तान्ह्या पोरासह मान्सफेल्डला आला. त्याच्या गावी शेती धाकट्या मुलाकडे जाण्याची रीत असल्यानं या थोरल्याला बाहेर पोट भरणं भाग होतं. तो भट्टीचा ठेकेदार झाला. सरदारांकडून पट्ट्यानं भट्ट्या घ्यायच्या, माल वितळवायचा आणि कर्ज, भाव, कोळसा यांची तोंडमिळवणी करायची, असा तो जोखमीचा व्यवसाय. त्या कमाईवर मुलाला एर्फुर्टच्या विद्यापीठात वकिलीसाठी पाठवलं. मुलगा १५०५ साली वकिली सोडून मठात गेला. तोच मार्टिन ल्युथर. त्याचा शेवटचा प्रवासही या खाणींच्या मुलखातलाच. मान्सफेल्डच्या सरदार भाऊबंदांतला तंटा मिटवायला तो आइसलेबेनला आला आणि १८ फेब्रुवारी १५४६ रोजी तिथेच वारला. त्याचा कडवा विरोधक ठरलेला टोमास म्युन्त्सर यानं १५२५ च्या शेतकरी बंडात मान्सफेल्डच्या खाणकामगारांनाही उठावाची हाक दिली होती.

जमिनीखालच्या कामाची एक स्वतंत्र भाषा तयार झाली होती. त्या अर्ध्या मीटरच्या थराचे कामगारांनी पाच-सहा पोटभाग पाडले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. तळाची मऊसर ‘फाइने लेटे’, तिच्यावरची ‘ग्रोबे लेटे’, मग ‘कामशाले’, मग ‘शीफरकोप्फ’. खालच्या पापुद्र्यांत तांबं जास्त, वर जावं तसं कमी. सर्वांत वरच्या भागाला ते ‘श्वार्त्से बेर्गे’ म्हणत. तो बहुधा मागच्या रिकाम्या जागेत भरून टाकला जाई. हाताला लागणारा खडबडीतपणा, कुदळीचा आवाज आणि दगडाची चकाकी यांवरून कोणता पापुद्रा भट्टीत जाणार आणि कोणता नाही, हे ठरे.

वर आल्यावर हा दगड आधी ढिगांत रचून पेटवला जाई. त्यात सेंद्रिय द्रव्य एवढं, की एकदा आग लागली की तो स्वतःच आठवडेच्या आठवडे धुमसत राही. मग तो भट्टीत जाई. भट्टीतून निघणारी मळीसुद्धा वाया जात नसे. साच्यात ओतून तिचे चौकोनी ठोकळे केले जात आणि रस्त्यांना वापरले जात. मान्सफेल्ड भागातल्या किती तरी गल्ल्यांत आजही हे काळेभोर चिरे दिसतात.

खोली वाढली तसं पाणीही वाढलं. ते उपसण्यासाठी जेम्स वॉटच्या धर्तीचं इंजिन हवं होतं आणि इंग्रज कारखानदार ते गुपित सहजासहजी देणार नव्हते. प्रशियाच्या सरकारनं कार्ल फ्रीडरिख ब्युकलिंग या अधिकाऱ्याला इंग्लंडला पाठवलं. त्यानं पाहून, टिपून, चोरून जे आणलं त्यावरून जर्मनीत बनलेलं पहिलं वॉट पद्धतीचं वाफेचं इंजिन २३ ऑगस्ट १७८५ रोजी हेटश्टेटजवळच्या खाणीवर सुरू झालं. पाण्यानं तरी पाठ सोडली नाही. १८९२ पासून आइसलेबेनजवळच्या खाऱ्या तळ्याचं पाणी भेगांतून खाणींत उतरू लागलं. शेवटी ते तळंच पंपांनी उपसून रिकामं करावं लागलं.

पाटीच्या पापुद्र्यांत दगडी मासे सापडत. त्यांच्या अंगावर पिवळ्या धातूची झळाळी असे. या माशांनी विद्वानांचं लक्ष खाणीकडे वेधलं. जॉर्ज आग्रिकोला यानं सोळाव्या शतकात त्यांची नोंद केली. लायब्निट्झसारख्या तत्त्वज्ञानं पृथ्वीच्या इतिहासावर लिहिताना याच माशांचा विचार केला. हे निसर्गाचे खेळ नसून एके काळी खरोखर जगलेले मासे आहेत, असं त्याचं म्हणणं. यांतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या माशाचं शास्त्रीय नाव पालीओनिस्कम फ्रायेसलेबेनी. हे नाव योहान कार्ल फ्रायेसलेबेन या खाण अधिकाऱ्यावरून पडलं.

फ्रायेसलेबेन हा फ्रायबर्गच्या खाण अकादमीचा विद्यार्थी. ही अकादमी १७६५ साली स्थापन झालेली. तिथे अब्राहम वेर्नरच्या हाताखाली युरोपभरचे तरुण खडक वाचायला शिकत. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा फ्रायेसलेबेनचा तिथला जिवलग मित्र. पुढे मान्सफेल्डच्या खाणींवर अधिकारी म्हणून काम करताना फ्रायेसलेबेननं कुप्फरशीफर आणि त्याच्या वरखालच्या थरांचं बारकाईनं वर्णन केलं. १८०७ पासून ते खंडाखंडानं प्रसिद्ध झालं. कामगारांची बोली, त्यांचे पापुद्रे, त्यांच्या वर्गवाऱ्या अशा रीतीनं छापील शास्त्रात दाखल झाल्या. रोटलीगेंड आणि त्सेखश्टाइन ही नावंही मुळात खाणीतलीच. ती आज जगभरचे भूशास्त्रज्ञ वापरतात.

आता खरा प्रश्न उभा राहिला. एवढं तांबं या काळ्या चिखलात आलं कसं?

एक उत्तर अगदी सरळ होतं. समुद्राच्या पाण्यात तांबं विरघळलेलं होतं, तळाच्या कुजक्या, गंधकाच्या वाफांनी भरलेल्या पाण्यात ते गंधकाशी जुळलं आणि चिखलाबरोबरच खाली बसलं. म्हणजे थर आणि तांबं जुळी भावंडं. १९१४ साली योझेफ फेलिक्स पोम्पेत्स्की या जीवाश्मतज्ज्ञानं या समुद्राची तुलना काळ्या समुद्राशी केली. तिथल्या तळाशीही प्राणवायू नाही. १९२१ साली हान्स श्नायडरहोन यानं खनिजांचे गुळगुळीत घासलेले तुकडे परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, सूक्ष्म गोलसर पुंजके पाहून त्याला ते धातू झालेले जीवाणूच वाटले. ही मांडणी पटण्याजोगी होती. शेकडो किलोमीटर इतका सलग आणि इतका पातळ थर समुद्राखेरीज कोण पसरवणार?

दुसरा पक्ष भूभंगांकडे बोट दाखवत होता. खडकांचे थर जिथे तुटून सरकले आहेत अशा जागांना मान्सफेल्डचे कामगार ‘र्‍युकेन’ म्हणत. त्या फटींत कोबाल्ट आणि निकेलची खनिजं, बॅराइट असा वेगळाच माल मिळे आणि त्यांच्या आसपास तांब्याची जागा बदले. कुठे ते छताकडे चढे, कुठे खालच्या वालुकाश्मात उतरे. फ्रान्झ बाइश्लाग यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की धातू नंतर, खडक घट्ट झाल्यावर, खालून आलेल्या द्रावांनी आणले. या वादात माणसं हयातभर एका बाजूला राहिली. बराच काळ पारडं समुद्रवाल्यांकडे झुकलेलं होतं.

लाल सडीचं काय करायचं, हे समुद्रवाल्यांनी आपल्या परीनं ठरवून टाकलं होतं. समुद्राचा तळ जिथे उंच होता तिथे पाणी उथळ आणि प्राणवायूनं भरलेलं असणार, त्यामुळे तिथला चिखल काळा न होता लाल झाला, असं त्यांचं स्पष्टीकरण. म्हणजे लाल दगड जन्मतःच लाल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मान्सफेल्ड पूर्व जर्मनीत गेलं. देशाला स्वतःचं तांबं हवं होतं आणि जुन्या खाणी संपत आल्या होत्या. झांगरहाउझेनकडे आणि आणखी दूरवर बोअर घेण्यात आले, आणि आतून निघालेल्या दगडी गाभ्यांची शिस्तशीर नोंद झाली. तिकडे पोलंडमध्येही तेच चालू होतं. हे सगळे गाभे नकाशावर मांडले तेव्हा लाल सडीची एक खोड उघडी पडली. ती थरांना जुमानत नव्हती. समुद्रतळावर तयार झालेला दगड थराला धरून पसरायला हवा. ही सड मात्र खालच्या लाल वालुकाश्मातून वर चढत होती, काळ्या पाटीला तिरकस छेदून कुठे कुठे वरच्या चुनखडकातही शिरत होती. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी गोष्टी दिसल्या. लाल भागात सेंद्रिय द्रव्य होतं, पण ऑक्सिडीकरण होऊन उरलेलं. पायराइटच्या जुन्या कणांच्या जागी हेमेटाइट बसलं होतं, गेरूला रंग देतं तेच लोहखनिज. आणि मधूनच तांब्याच्या खनिजांचे कुरतडलेले अवशेषही सापडत होते. म्हणजे हा दगड आधी काळाच होता. नंतर तो लाल झाला.

त्याहून बोलका होता खनिजांचा क्रम. लाल सडीच्या कडेवरून बाहेर निघालं की आधी कॅल्कोसाइटचा पट्टा लागतो, तांबं सर्वांत जास्त असलेलं खनिज. मग बोर्नाइट, मग कॅल्कोपायराइट. तांबं विरळ होत जातं तसं शिशाचं गॅलिना येतं, त्यापुढे जस्ताचं स्फॅलेराइट आणि शेवटी नुसतं पायराइट असलेली साधी काळी पाटी. मान्सफेल्ड, झांगरहाउझेन, पोलंड, सगळीकडे क्रम हाच. १९७४ साली योखेन रेंट्झश यानं कुप्फरशीफरची तुलना झांबियाच्या ताम्रपट्ट्याशी केली, तेव्हा गाळाच्या खडकांतल्या तांब्याचं हे मोठं कुटुंब एका नजरेत येऊ लागलं.

या क्रमामागचं रसायन असं मांडता येतं. खालच्या लाल वालुकाश्मात आणि तिथल्या ज्वालामुखी खडकांत खारं, प्राणवायूयुक्त पाणी मुरलेलं होतं. खोलवर ते शंभर अंशांच्या आसपास तापलेलं. अशा पाण्यात क्लोराइडच्या सोबतीनं तांबं सुखानं विरघळून राहतं. हे पाणी भेगांतून आणि थरांतल्या उंचवट्यांतून वर चढलं आणि काळ्या पाटीला भिडलं. पाटीत सेंद्रिय द्रव्य आणि पायराइट, दोन्ही प्राणवायूचे भुकेले. त्यांनी पाण्यातला प्राणवायू खाल्ला आणि तांब्याला विरघळून राहणं अशक्य झालं. पायराइटमधल्या लोहाची जागा तांब्यानं घेतली. पाणी येतच राहिलं तशी काळ्या दगडाची ताकद संपत गेली, उरलेलं लोह गंजून हेमेटाइट झालं, आणि आधी बसलेलं तांबंही पुन्हा सुटून थोडं पुढे जाऊन बसलं. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते आणि ओलीच्या कडेला खाराची पांढरी रेघ उमटते, तशी ही तांब्याची रेघ लाल डागाच्या कडेनं पुढे पुढे सरकत गेली. शिसं आणि जस्त अधिक चिवटपणे पाण्यात टिकतात, म्हणून ती आणखी पुढे जाऊन बसली.

कामगारांनी ज्याला सड म्हणून सोडलं, तो या ओलीचा डाग होता.

या नव्या समजुतीचा सर्वांत मोठा लाभ पोलंडला झाला, पण पोलंडची खाण सापडली ती आधी आणि वेगळ्याच जिद्दीनं. १९४५ नंतर सिलेशियाचा प्रदेश पोलंडकडे आला. डोंगराच्या पायथ्याशी तिथे कुप्फरशीफरच्या लहान खाणी होत्या. यान विझिकोव्स्की हा सरकारी भूशास्त्र संस्थेतला तरुण संशोधक. उत्तरेकडच्या सपाट मैदानाखाली, शेकडो मीटर नव्या थरांच्या आड, हाच थर गेला असणार आणि तिथे तो श्रीमंत असेल, असं त्याचं म्हणणं. २३ मार्च १९५७ रोजी शेरोशोवित्से गावाजवळच्या बोअरमधून साडेसहाशे मीटरांच्या आसपासच्या खोलीवरून तांब्यानं भरलेला गाभा वर आला.

तांबं सापडलं तरी तिथवर पोचणं अवघड होतं. वरचे थर पाण्यानं भरलेल्या सुट्या वाळूचे होते. विहीर खणली की भिंती आत कोसळणार. तेव्हा भोवतालची जमीन गोठवून बर्फासारखी कडक करायची आणि मग मधून खणायचं, ही पद्धत वापरावी लागली. १९६१ साली केजीएचएम ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस लुबिन आणि पोल्कोवित्सेच्या खाणींतून माल निघू लागला. इथलं तांबं पाटीपुरतं नव्हतं. खालच्या वालुकाश्मात आणि वरच्या डोलोमाइटमध्येही ते होतं, त्यामुळे कामाची उंची मीटरांत मोजता येई आणि तिथे मोठी यंत्रं चालवता येत. मान्सफेल्डच्या कामगारांसारखं कुशीवर पडून राहायची वेळ पोलिश कामगारांवर आली नाही.

पोलिश भूशास्त्रज्ञांनी लाल सड नकाशावर उतरवण्याचं काम चिकाटीनं केलं. स्लावोमिर ओश्चेपाल्स्की आणि आंद्झेय रिझेव्स्की यांनी १९९७ साली देशभरच्या बोअरांच्या नोंदींतून एक नकाशासंग्रह सिद्ध केला. त्यात लाल क्षेत्रं आणि त्यांच्या कडेनं तांबं, शिसं, जस्त यांचे पट्टे दाखवलेले आहेत. नवा बोअर कुठे घ्यायचा, हे ठरवताना आता आधी लाल डागाची कड शोधतात. एखाद्या बोअरमध्ये लालच लागलं तर ते अपयश धरत नाहीत. तांबं जवळच कुठे तरी असण्याची शक्यता त्यातून दिसते आणि कोणत्या बाजूला सरकायचं, हे खनिजांच्या क्रमावरून कळतं. कॅल्कोसाइट दिसलं तर कड अगदी जवळ, स्फॅलेराइट दिसलं तर अजून बरंच अंतर.

लाल दगड अगदीच रिकामा नव्हता, हेही पोलंडमध्येच कळलं. हेन्रिक कुहा यानं १९८२ साली लुबिन भागातल्या पाटीत प्लॅटिनम गटातल्या धातूंची नोंद केली. पुढे लाल सड आणि तांब्याचा पट्टा जिथे भेटतात त्या अरुंद जागेत, बऱ्याचदा लाल बाजूलाच, सोनंही सापडलं. तांबं पुढे सरकलं तरी प्राणवायूयुक्त खाऱ्या पाण्यातून आलेलं सोनं आणि पॅलेडियम त्या कडेवरच अडकून राहिलं होतं. तांबं नाही म्हणून जो दगड पूर्वी कोणी तपासायलाही पाठवत नसे, त्याचे नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले.

मान्सफेल्डच्या खाणींना या शहाणपणाचा फारसा उपयोग झाला नाही. मूळ खोऱ्यातली शेवटची खाण १९६९ साली बंद पडली. झांगरहाउझेनच्या बाजूला, जवळपास हजार मीटर खोलीवर, काम आणखी वीस वर्षं रेटलं गेलं. तिथल्या एका खाणीला टोमास म्युन्त्सरचं नाव होतं. अर्ध्या मीटरचा थर, प्रचंड खोली, पाणी आणि उष्णता, यांचा हिशोब केवळ सरकारी अनुदानावर जुळत होता. १९९० साली दोन्ही जर्मनी एक होत असताना तो आधार गेला आणि काम थांबलं. साधारण आठशे वर्षांत या दोन टापूंतून सुमारे १० कोटी ९० लाख टन दगड निघाला. त्यातून सुमारे २६ लाख टन तांबं आणि १४ हजार टनांहून अधिक चांदी मिळाली. उरलेला दगड शंभर मीटरांहून उंच सुळक्यांच्या रूपानं आजही सपाट शेतांत उभा आहे. वेटेलरोडे इथली एक जुनी खाण पाहुण्यांसाठी खुली ठेवलेली आहे. तिथे तो काळा थर जागेवरच बघता येतो.

वाद मात्र खाणींबरोबर बंद झाला नाही, त्याचं स्वरूप बदललं. तांबं चिखलाबरोबर आलं की नंतर, या प्रश्नाची जागा आता ‘नंतर म्हणजे किती नंतर’ या प्रश्नानं घेतली आहे. समुद्रतळावरच काही धातू साचले असणार आणि मोठा साठा पुढच्या द्रावांनी आणला असणार, अशी मिश्र मांडणी अनेकांना मान्य आहे. काळ ठरवण्यासाठी पुन्हा लाल सडच कामाला आली. हेमेटाइट तयार होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात जपून ठेवतं. खंड सरकत असल्यानं ती दिशा काळानुसार बदलते, आणि त्यावरून वय काढता येतं. क्रेग जोवेट यानं १९८६ साली असं सुचवलं की ट्रायासिक काळात जमीन ताणली जात असताना खालचं खारं पाणी अभिसरणानं वर आलं. पुढच्याच वर्षी त्यानं आणि सहकाऱ्यांनी पोलंडमधल्या चुंबकीय नोंदीवरून मध्य ट्रायासिक हा काळ काढला, म्हणजे थर साचल्यानंतर साधारण दोन कोटी वर्षांनी.

२०११ साली डेव्हिड सायमन्स आणि सहकाऱ्यांनी झांगरहाउझेनच्या नमुन्यांवर हाच प्रयोग केला. तिथली चुंबकीय दिशा ट्रायासिकशी जुळली नाही. ती दोन वेगवेगळ्या काळांशी जुळत होती: १४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या आणि ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या. पहिला आकडा खरा असेल तर हे तांबं डायनासोरांच्या भरभराटीच्या काळातलं ठरतं. दुसरा खरा असेल तर डायनासोर नाहीसे झाल्यावर सव्वा कोटी वर्षांनी आलेलं. मधल्या साडेनऊ कोटी वर्षांचा निवाडा अजून लागलेला नाही.